फर्डिनंड नेमका कशाचा सूड घेतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा हौशी नाट्यगट जॉन वेब्स्टर या सतराव्या शतकातल्या इंग्रज नाटककाराच्या 'द डचेस ऑफ माल्फी'चा चौथा अंक मराठीत बसवतो आहे आणि फर्डिनंडचं काम तुमच्याकडे आलं आहे. विधवा बहिणीने, म्हणजे डचेसने, आपल्याच कारभाऱ्याशी, अँटोनिओशी, गुपचूप लग्न केलं, तिला मुलंही झाली. एवढ्यावरून हा माणूस तिच्या हातात अंधारात मेलेल्या माणसाचा हात देतो, नवऱ्याची आणि मुलांची प्रेतं म्हणून मेणाचे पुतळे दाखवतो, तिच्यासमोर वेडे नाचवतो आणि शेवटी तिचा गळा आवळायला लावतो. तुम्ही विचारता, तिने त्याचं काय बिघडवलं होतं? सूड म्हणायचा तर कशाचा? दिग्दर्शक म्हणतात, त्याचा बहिणीवरच जीव जडलाय, तेवढं दाखवलं की प्रेक्षकांना सगळं उमगेल. तुम्हाला ते पटत नाही. शिवाय पुतळे आणि वेडे बघून लोक हसतील अशी धास्ती आहेच.

ही नाटकं मी बरीच वर्षं महाविद्यालयात शिकवली आणि मधूनमधून विद्यार्थ्यांच्या, हौशी मंडळींच्या तालमींनाही बसलो. वर्गात "हेतू संदिग्ध आहे" असं सांगून पुढच्या पानावर जाता येतं. नटाला मात्र उद्या संध्याकाळी उभं राहून ते वाक्य म्हणायचं असतं. त्यामुळे मी तुमच्याशी नटाच्या अंगाने बोलणार आहे, समीक्षेच्या नाही.

सूडनाट्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 'हॅम्लेट' येतं. आगरकरांनी 1883 साली ते 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणलं, तेव्हापासून आपल्याकडे सूडनाट्याचा नमुना तोच. बापाचा खून झालाय, खुनी गादीवर बसलाय, न्याय मागायला दुसरं दार नाही, म्हणून मुलाने हत्यार उचलायचं. त्याआधीच्या टॉमस किडच्या 'द स्पॅनिश ट्रॅजेडी'त बाप मुलासाठी हेच करतो. या सगळ्यांत क्रम ठरलेला असतो. आधी घाव, मग दाद मागण्याची धडपड, ती फसली की सूड. तुम्ही फर्डिनंडकडे याच क्रमाने बघताय आणि पहिली पायरीच सापडत नाही म्हणून अडलाय. तुमचं वाचन चुकलेलं नाही. ती पायरी तिथे नाहीच.

1603 साली पहिला जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. 1625 पर्यंतच्या त्याच्या कारकिर्दीतल्या नाटकांना जॅकोबियन म्हणतात, आणि त्यांत सूडाचा हा जुना साचा आतून नासायला लागतो. 'द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी' घ्या. 1607 च्या सुमारास छापलेलं, लेखकाचं नाव नसलेलं हे नाटक पूर्वी सिरिल टर्नरच्या नावावर होतं, आता बहुतेक अभ्यासक ते टॉमस मिडलटनचं मानतात. नायक व्हिंडिचे. त्याच्या वाग्दत्त वधूला म्हाताऱ्या ड्यूकने विष घालून मारलं, त्याला नऊ वर्षं झाली. हा तिची कवटी हातात घेऊनच रंगमंचावर येतो. म्हणजे घाव आहे, आणि खराच आहे. पण वेश बदलून तो ड्यूकच्या मुलाकडे नोकरीला लागतो, तेव्हा पहिलं काम मिळतं ते स्वतःच्याच बहिणीला फितवण्याचं. तो नाही म्हणत नाही. उलट वाटतं, आई आणि बहीण कितपत खऱ्या आहेत ते तरी कळेल. दारिद्र्याने पिचलेल्या आईपुढे तो पैशाचं आमिष इतक्या रंगात येऊन मांडतो की ती लेकीला विकायला तयार होते. मग दोघे भाऊ त्याच आईवर खंजीर उपसून जाब विचारतात. ड्यूकने या घराचं जेवढं वाकडं केलं त्याहून जवळचं, जास्त झोंबणारं वाकडं पोटचा मुलगाच करतो, आणि तेही न्यायाच्या नावाखाली. ड्यूकला मारण्यासाठी त्या कवटीच्याच तोंडाला विष फासून, तिला बाईचा पोशाख चढवून चुंबनाला पुढे करायचं, हे सुचतं तेव्हा तो आपल्याच कल्पकतेवर खूश असतो. मेलेली प्रेयसी तोवर निव्वळ हत्यार झालेली असते. या काळातल्या नाटकांत घर हे आसऱ्याचं ठिकाण म्हणून क्वचितच येतं. मिडलटनच्याच 'विमेन बिवेअर विमेन'मध्ये एक आत्या भाचीला धादांत खोटं सांगते की तुझ्या काकाचं आणि तुझं रक्ताचं नातंच नाही, आणि तिला त्याच्या मिठीत ढकलते. हे ती भावाच्या प्रेमापोटी करते, हे त्यातलं जास्त भयंकर.

वेब्स्टर याच्याही पुढे जातो. 'माल्फी'त घावच काढून टाकलाय. डचेसने कुणाला मारलं नाही, कुणाचं लुबाडलं नाही, गादी बळकावली नाही. विधवेचं लग्न इंग्लंडात कायद्याला मान्य होतं. तिने अँटोनिओशी दासीच्या साक्षीने खोलीत जे लग्न लावलं, तसं शब्द देऊन केलेलं लग्नही तेव्हा बंधनकारक धरत. तसं न करता लग्न चर्चमध्ये व्हावं, अशी अपेक्षा होती एवढंच. ती स्वतः त्या प्रवेशात वकिलांचा हवाला देते. म्हणजे भावांच्या हातात धड कायदाही नाही आणि धड अन्यायही नाही. तरी खून होतो, आणि सगळे पात्र त्याला शिक्षा, बदला, न्याय अशी नावं देत राहतात.

म्हणून मी तुमचा प्रश्न जरा वळवून घेतो. फर्डिनंड हे का करतो, यापेक्षा एक कुटुंब हे असं कसं करतं की शेवटी ते कुणीच केलेलं नसतं, हा प्रश्न नटाला जास्त उपयोगी पडतो. वेब्स्टरने क्रूरपणाचे तीन वाटे केले आहेत. कार्डिनल म्हणजे थोरला भाऊ, तो ठरवतो. फर्डिनंड जळतो. आणि बोसोला, फर्डिनंडने पैसे देऊन ठेवलेला माणूस, हात चालवतो. ठरवणारा जळत नाही, जळणारा हात लावत नाही, हात लावणाऱ्याचं काही देणंघेणं नसतं. तुम्ही एकटे सगळा भार उचलायला बघाल तर काम फसेल, कारण फर्डिनंडच्या वाट्याला तेहतीस टक्केच आलेत.

कार्डिनलचा वाटा तुमच्या प्रयोगात दिसणार नाही, पण डोक्यात असू द्या. तिसऱ्या अंकात लोरेटोच्या देवस्थानात एक मूक प्रवेश आहे. कार्डिनल धर्मगुरूचा पोशाख उतरवून सैनिकाचा चढवतो. मग डचेस नवऱ्या-मुलांसह देवदर्शनाला येते, तिच्या बोटातली लग्नाची अंगठी तो हिसकावतो आणि तिला हद्दपार केलं जातं. बघणारे दोन यात्रेकरू आपसात बोलतात त्यातून कळतं की तिच्या बदचालीची वार्ता ऐकून पोपने तिची जहागीरही ताब्यात घेतली आहे. हे सगळं उजेडात, लोकांदेखत, रीतसर होतं. जगाच्या दृष्टीने तिला शिक्षा इथेच झालेली आहे. नाव गेलं, दौलत गेली, नवऱ्यापासून ताटातूट झाली. बदनामीचा बदलाच घ्यायचा होता तर तो पुरा झाला. चौथा अंक हा त्यानंतर उरलेला भाग आहे. तो अंधारात होतो, तुरुंगात होतो, आणि त्याचा जगाला काहीच धडा द्यायचा नाही, कारण जग बघतच नाही.

आता फर्डिनंड. तो तिचा जुळा भाऊ. पहिल्या अंकात तो तिला बजावतो की दुसरं लग्न करू नकोस, आणि बजावताना बापाचा खंजीर काढून दाखवतो: हा आपल्या वडिलांचा, गंजलेला बघवायचा नाही मला. दुसऱ्या अंकात तिला मूल झाल्याची बातमी येते तेव्हा तो थैमान घालतो, आणि कार्डिनल त्याला थंडपणे म्हणतो, हा काय वेडेपणा चालवलायस. तिथे फर्डिनंडचं एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा: माझ्याशी लवकर काहीतरी बोल, नाहीतर माझी कल्पना मला ती पाप करताना दाखवायला घेऊन जाईल. हे वाक्य तुमच्या प्रयोगात नसलं तरी तालमीत रोज एकदा म्हणा. या माणसाला बहिणीपेक्षा स्वतःच्या डोक्यातल्या चित्रांची भीती जास्त आहे. चौथ्या अंकातला हात, पुतळे, वेडे हे सगळे त्याने रचलेले देखावे आहेत. आपल्या डोक्यात जे चालतं ते तिच्या डोळ्यांपुढे उभं करायचं, अशी ती खटपट आहे.

आणि मग चौथ्या अंकातली कारणं. ती एका ओळीत लिहून काढा, तुम्हाला गंमत दिसेल. बोसोला विचारतो, हे कशासाठी? तो म्हणतो, तिला हताश करायला. बोसोला सुचवतो, पुरे करा आता, तिला जपमाळ आणि प्रार्थनेची पुस्तकं पाठवा. तेव्हा फर्डिनंड उसळतो: माझं रक्त तिच्या देहात शुद्ध होतं तोवर तो देह, तू ज्याला आत्मा म्हणतोस त्याहून मोलाचा होता. म्हणजे आता कारण रक्ताचं झालं. दुसऱ्या प्रवेशात वेडे येतात, तेव्हा त्याचा नोकर सांगतो की पोपला विषण्णतेचा आजार झाला असता एका मोठ्या वैद्याने वेडे दाखवून त्याला हसवलं आणि बरं केलं, तोच उपचार ड्यूकना, म्हणजे फर्डिनंडला, तुमच्यावर करायचा आहे. म्हणजे आता तो औषधोपचार झाला! ती मेल्यावर पुन्हा नवीन कारण: ती विधवाच राहिली असती तर तिच्या मरणानंतर अपार संपत्ती मला मिळेल अशी आशा होती. हे तर टिकतच नाही, कारण तिसऱ्या अंकात त्यानेच पहिल्या नवऱ्यापासून झालेल्या तिच्या मुलाचा, माल्फीच्या बालड्यूकचा, उल्लेख केलाय. संपत्ती त्या पोराला गेली असती. वेब्स्टरची ही नजरचूक असेल. शेवटी वारस म्हणून अँटोनिओचा मुलगा पुढे आणताना त्यालाही पहिल्या मुलाची आठवण राहिलेली दिसत नाही. पण रंगमंचावर ही नजरचूक तुमच्या फायद्याची आहे. माणूस प्रेतापाशी उभा राहून हातात येईल ते कारण पुढे करतोय, आणि ते कारण बोलता बोलताच फुसकं ठरतंय.

म्हणून माझा सल्ला असा की एक हेतू पकडून बसू नका. प्रत्येक कारण त्या त्या क्षणी शंभर टक्के खरं मानून म्हणा, आणि ते पुरं पडत नाही असं लक्षात आलं की पुढच्यावर उडी घ्या. प्रेक्षकांना दिसायला हवं की कारणं संपत चालली आहेत आणि कृत्य मात्र थांबत नाही.

तुमच्या दिग्दर्शकांचा मुद्दा निराधार नाही. विसाव्या शतकातल्या अनेक समीक्षकांनी आणि दिग्दर्शकांनी हीच वाट धरली, आणि संहितेत त्याला जागा आहे: तिच्या देहाची ती चित्रं, मध्यरात्री तिच्या शयनगृहात खंजीर घेऊन येणं, तुझं तोंड पुन्हा बघणार नाही अशी शपथ घेणं आणि त्या शपथेपायी अंधारात भेटायला येणं. माझी तक्रार वेगळी आहे. हा हेतू नटाने पहिल्यापासून माहीत असल्यासारखा वठवला की फर्डिनंड कामुक खलनायक होतो आणि काम तिथेच संपतं. प्रेक्षक म्हणतात, अच्छा, हा विकृत आहे, आणि सुटतात. त्यात भावाचा बहिणीवरचा हक्क, घराण्याची इभ्रत, थोरल्या भावाची थंड सही, हे सगळं दिसेनासं होतं. फर्डिनंडला स्वतःला हे कळलेलं नाही, किंवा कळू द्यायचं नाही, असं धरून चाला. दिसायचं ते आपोआप दिसेल. दिग्दर्शक अडूनच बसले तर एकच विनंती करा: तिला जिवंतपणी हात लावायचा नाही. तो हात लावतो तो मेलेल्या माणसाचा, तिच्या हातात देण्यासाठी.

तो प्रसिद्ध क्षण, तिच्या प्रेतापाशीचा, आता नीट समजेल. "तिचा चेहरा झाका, माझे डोळे दिपताहेत, लहान वयात गेली ती." पुढे तो म्हणतो, आम्ही जुळी होतो, मी या क्षणी मेलो तर मिनिटाला मिनिट तिच्याएवढंच जगलो असं होईल. त्यानंतर लगेच बोसोलावर उलटतो: तुला दया का आली नाही? तू तिला एखाद्या देवळात नेऊन लपवलं असतंस तर केवढा सज्जन ठरला असतास! कुणाच्या अधिकाराने शिक्षा दिलीस? बोसोला म्हणतो, तुमच्या. माझ्या? मी तिचा न्यायाधीश होतो काय? कुठल्या कचेरीत निकाल लागला? हा संवाद मला सगळ्या नाटकाचा कणा वाटतो. हुकूम ज्याने दिला तोच हुकूमनामा मागतोय. मधल्या वाक्यांत तर कमाल आहे. दुष्टाचं काम चांगलं करणाऱ्या नटाला लोक शिव्या देतात, तसा मी तुझा तिरस्कार करतो, असं तो बोसोलाला ऐकवतो. हे वाक्य नाटकातच आहे, तुमच्या अनुवादकाने गाळलं असेल तर परत घाला. आणि बिदागी? खुनाची माफी, तीच तुझी बिदागी. पैसे बुडवले.

बोसोलाकडे तुम्ही नट म्हणून बघायलाच हवं, कारण तुमची निम्मी वाक्यं त्याच्याशी आहेत. त्याने कार्डिनलच्या सांगण्यावरून खून केल्याची वदंता आहे आणि त्यापायी गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा भोगून तो आलाय. पहिल्या अंकात फर्डिनंड त्याच्यापुढे सोनं ठेवतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न: कुणाचा गळा कापायचाय? त्या काळच्या लंडनकरांना हा माणूस ओळखीचा होता. 1613 साली सर टॉमस ओव्हरबरी याला लंडनच्या टॉवरमध्ये विषप्रयोगाने मारलं. एका बड्या लग्नाला त्याचा विरोध होता. दोन वर्षांनी प्रकरण फुटलं तेव्हा हाताखालच्या चौघांना फाशी झाली. ज्यांच्यासाठी हे घडलं त्या अर्ल आणि काउंटेस ऑफ सॉमरसेट यांनाही दोषी ठरवलं, पण राजाने त्यांचा जीव वाचवला. वेब्स्टरचं नाटक खटल्याच्या आधीचं, कारण त्यात काम केलेला विल्यम ऑस्टलर हा नट 1614 च्या डिसेंबरात वारला. त्यामुळे खटल्यावरून नाटक बेतलं असं म्हणता येत नाही. पण 1623 साली ते छापून आलं तेव्हा वाचणाऱ्याला बोसोलाची बुडालेली बिदागी वाचून काय आठवलं असेल हे सांगायला नको. राजघराण्यातही उदाहरण होतं. जेम्सची चुलतबहीण अर्बेला स्टुअर्ट हिने 1610 साली राजाला न विचारता चोरून लग्न केलं. नवराबायकोला वेगळं करून कैदेत टाकलं, ती पुरुषाचा वेश घालून पळाली, पकडली गेली आणि 1615 साली टॉवरमध्येच वारली. तिच्यावर कुणी सूड घेतला असं तेव्हा कुणी म्हटलं नसेल. घरातली बाब होती.

मूळ हकीकत इटलीतली, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची. बंदेल्लोने ती कथारूपात लिहिली, फ्रेंचमधून ती विल्यम पेंटरच्या इंग्रजी संग्रहात आली. पेंटर डचेसलाच बोल लावतो. वेब्स्टरने तिची बाजू घेतली आणि चौथ्या अंकातली जीवघेणी संथ गती आणली. मात्र नाटकात तिला स्वतःचं नाव त्यानेही दिलं नाही.

आता सूड खरोखर कुठे आहे ते सांगतो, म्हणजे नायिका चौथ्याच अंकात का मरते आणि पाचवा अंक कशाला, या तुमच्या दुसऱ्या शंकेचंही उत्तर होईल. जुन्या अर्थाचा सूड पाचव्या अंकात सुरू होतो, आणि तो घेतो बोसोला. ज्याने दोर आवळायला लावला तोच तिच्या बाजूने उभा राहतो! तोही धड जमत नाही. अंधारात तो चुकून अँटोनिओलाच मारतो, ज्याला वाचवायचं होतं त्याला. कसं झालं विचारल्यावर म्हणतो, धुक्यात, नाटकात नेहमी होतात तशी चूक. फर्डिनंड तोवर लांडगा झालाय. मध्यरात्री मेलेल्या माणसाची तंगडी खांद्यावर टाकून ओरडत हिंडताना तो सापडलाय, आणि सांगतो की लांडग्याला केस बाहेरून असतात, मला आतून आहेत. तुमच्या अंकात मुलांची प्रेतं बघून तो म्हणतो ना, लांडग्याच्या पिल्लांची कुणी कीव करत नाही? ते वाक्य सहज फेकू नका. पुढचा सगळा आजार तिथे रुजतो.

हसण्याबद्दल. हे बऱ्याच अंशी तुमच्या सभागृहावर आणि प्रेक्षकांवर अवलंबून आहे. मूळ नाटक किंग्ज मेन या कंपनीने दोन ठिकाणी केलं: ब्लॅकफ्रायर्सच्या बंदिस्त, मेणबत्त्यांच्या नाट्यगृहात आणि ग्लोबच्या बिनछपराच्या नाट्यगृहात, भर दुपारी. मेणबत्त्या विझवल्या की प्रेक्षकही डचेसबरोबर अंधारात. ग्लोबमध्ये मात्र उन्हात सगळ्यांना तो हात दिसत होता, फक्त तिला नाही. दोन्ही प्रकार मुळातलेच, त्यामुळे तुम्हाला जे परवडेल ते करा. लंडनच्या ग्लोबशेजारी जुन्या बंदिस्त नाट्यगृहाच्या धर्तीवर बांधलेलं सॅम वॉनामेकर प्लेहाउस 2014 साली याच नाटकाने उघडलं, आणि तिथे मेणबत्त्यांचाच उजेड असतो. तुमच्याकडे दार बंद केल्यावर खरा काळोख होणारी खोली असेल तर पूर्ण अंधार करा. शाळेच्या सभागृहात खिडक्यांतून रस्त्यावरचा दिवा येत असेल तर अंधाराचा आव आणू नका. सरळ उजेडात करा आणि डचेसच्या नटीला न बघता चाचपायला शिकवा. अर्धवट अंधार सगळ्यात वाईट; त्यातच लोक हसतात, कारण त्यांना नीट दिसत नाही आणि नेपथ्य हलवताना कुणीतरी धडपडतं.

पुतळ्यांच्या बाबतीत एक पथ्य पाळा. ती आत गेल्यावरच फर्डिनंड सांगतो की ते मेणाचे होते. तोवर प्रेक्षकांनाही ठाऊक नसतं. त्यामुळे पत्रकात कथासार छापू नका, आणि पुतळे बनवण्यात पैसे घालवण्यापेक्षा नटच स्तब्ध उभे करा. वेड्यांच्या प्रवेशात मात्र हसू आलं तर येऊ द्या. नोकर त्यांची यादी देतो ती विनोदीच आहे. जगबुडीचा दिवस सांगून तो टळला म्हणून वेडा झालेला ज्योतिषी आहे, नव्या फॅशनींचा विचार करून डोकं फिरलेला इंग्रज शिंपी आहे. लोक हसून मोकळे झालेत आणि तेवढ्यात बोसोला म्हाताऱ्याच्या वेशात थडगं बांधणारा म्हणून येतो, हा क्रम वेब्स्टरने मुद्दाम लावलाय.

काही गट हे नाटक उचलून आपल्याकडच्या एखाद्या गावात, ऑनर किलिंगच्या बातमीत बसवतात. तुमच्याकडेही ते कुणीतरी सुचवेलच. सबंध नाटक करत असाल तर विचार करता येईल, कारण लोरेटोचा जाहीर भाग तिथे बसू शकतो. फक्त चौथा अंक करणार असाल तर टाळा. त्या बातम्यांत बहुधा गावाला दाखवून द्यायचं असतं, आणि या अंकात कुणाला काही दाखवायचं नाही. इटलीच राहू द्या, नावंही तीच ठेवा.

काटछाट करणार असाल तर दासी करिओलाचं मरण कापू नका. वेळ वाचवायला सगळे पहिली कात्री तिथेच लावतात. डचेस शांतपणे गुडघे टेकते, आणि त्याआधी करिओलाला सांगून ठेवते की माझ्या धाकट्याला सर्दीवरचं औषध दे आणि मुलीला झोपण्यापूर्वी प्रार्थना म्हणायला लाव. करिओला मात्र चावते, ओरबाडते, माझं लग्न ठरलंय म्हणते, मला दिवस गेलेत म्हणून खोटं सांगते. थोरामोठ्यांचं मरण तेवढं भारदस्त असतं हे डचेसला जमलं, सगळ्यांना जमत नाही, हे दिसण्यासाठी ती दोन मिनिटं हवीतच. फर्डिनंड या वेळी रंगमंचावर नसतो. आत उभे राहून तिचा आरडाओरडा रोज ऐका, बाहेर येऊन "ती मेली?" विचारताना त्याचा उपयोग होईल.

गळा आवळण्याच्या तालमीसाठी शेवटचं सांगतो, कारण हौशी गटात इथे इजा होते. दोराला गाठ किंवा फास अजिबात नको. दोर गळ्यावर न ठेवता खाली, छातीच्या वरच्या हाडावर टेकवायचा, आणि मरणाऱ्या नटीने तो दोन्ही हातांनी पकडून स्वतःच ताण धरायचा. मारेकऱ्यांनी ओढण्याचा फक्त अभिनय करायचा, जोर स्वतःच्या दंडांत दाखवायचा. थांबण्याची खूण आधी ठरवा आणि पहिल्या काही तालमी पूर्ण उजेडात, अर्ध्या वेगाने घ्या. फर्डिनंडच्या वाक्यांसाठी अनुवादाचा मजकूर इथे टाकलात तर त्यावरही बोलता येईल.